सिनेमावर लिहिणाऱ्याची चूल कोण पेटवतं?

२१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो थिएटरात एक नवा पुरस्कार सोहळा झाला. जेमतेम पाच पुरस्कार होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला मिळाला. आज आपण ज्याला फिल्मफेअर म्हणतो तोच हा पुरस्कार, पण सुरुवातीला त्याला ‘क्लेअर्स’ म्हणत. क्लेअर मेंडोंसा या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या चित्रपट समीक्षक होत्या, त्यांच्या नावावरून. हिंदी सिनेमाच्या सगळ्यात गाजलेल्या पुरस्काराच्या बाहुलीवर पहिलं नाव लागलं ते परीक्षणं लिहिणाऱ्या एका बाईंचं. पुढे ते मागे पडलं आणि ‘फिल्मफेअर’ या मासिकाचं नाव तेवढं राहिलं. यात कोणाचा दुष्टपणा नसावा. पण आपल्याकडे सिनेमावर लिहिणाऱ्यांचं एकूण जे होतं, ते या पुरस्काराच्या बाबतीत फारच लवकर झालं.

सिनेपत्रकाराचं करिअर हा सार्वजनिक प्रश्न आहे, असं म्हटलं की लोक हसतात. शेतमालाचे भाव, शाळा, पाणी एवढं सगळं पडलेलं असताना नटनट्यांच्या मुलाखती घेणाऱ्यांची काळजी कोणी करायची? मी ती करतो, कारण या माणसांचं पोट कोण भरतं यावर आपल्याला आपल्या सिनेमाचा कुठला इतिहास मिळणार हे ठरतं. आजवर ते बहुतेक वेळा सिनेमाच्या धंद्यानेच भरलं आहे. त्यामुळे मिळालेला इतिहास गोड आहे, भरपूर आहे आणि जागोजागी पोकळ आहे.

आधी हे पाहू, की इतिहास म्हणून आपल्या हातात काय उरलं आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तिथून मूकपटांचा काळ संपेपर्यंत देशात तेराशेच्या आसपास चित्रपट तयार झाले. त्यांतले धड किंवा तुटक स्वरूपात आज शिल्लक असलेले तीसच्या आतबाहेर भरतील. १९३१चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत नाही. फाळक्यांची जी काही रिळं वाचली, ती राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारणाऱ्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने कुटुंबीयांपर्यंत पोहोचून, तुकडे जुळवून वाचवली. २००३च्या जानेवारीत पुण्यात आग लागली तेव्हा याच संग्रहालयाच्या ताब्यातल्या जुन्या, झटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मा जळाल्या. म्हणजे पहिल्या वीस-पंचवीस वर्षांच्या सिनेमाबद्दल आपण जे काही बोलतो, ते पडदा बघून बोलत नाही. जाहिराती, गाण्यांच्या पुस्तिका, फोटो आणि वर्तमानपत्रांत, साप्ताहिकांत कोणीतरी घाईघाईने लिहिलेली परीक्षणं यांच्या जोरावर बोलतो. चित्रपट गेला आणि त्याच्यावर लिहिलेलं राहिलं. लिहिणारा तेव्हा विकला गेलेला असेल, तर त्याची लबाडी आज आपला पुरावा होऊन बसते. तपासायला मूळ चित्रपटच नाही.

फाळक्यांना हे बहुधा कळलं होतं. स्वतःच्या धडपडीविषयी त्यांनी १९१७-१८च्या सुमारास ‘नवयुग’ मासिकात लेख लिहिले. ते नसते तर ‘राजा हरिश्चंद्र’च्या जन्माविषयी आपण आज निव्वळ दंतकथा सांगत बसलो असतो. भारतीय सिनेमावरचं सुरुवातीचं महत्त्वाचं लेखन असं मराठीत, आणि ते खुद्द सिनेमा करणाऱ्याच्या हातून झालं.

पण करणाऱ्याने लिहिणं वेगळं आणि लिहिण्यावर जगणं वेगळं. लिहिण्यावर जगणाऱ्यांत पहिलं ठसठशीत नाव बाबूराव पटेलांचं. १९३५मध्ये त्यांनी ‘फिल्मइंडिया’ काढलं. गुळगुळीत कागद, पानोपानी चित्रपटांच्या जाहिराती आणि त्याच अंकात त्याच निर्मात्यांच्या चित्रपटांची पिसं काढणारी परीक्षणं. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्यालाच झोडायचं, ही कसरत त्यांना जमली, कारण वाचक त्यांच्या मागे होता आणि निर्मात्यांना ते ठाऊक होतं. बाबूरावांना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. त्यांची भाषा अनेकदा विखारी असे, नटनट्यांच्या रंगारूपावर घसरे. पुढे त्यांनी मासिकाचं नाव बदललं, सिनेमा सोडून राजकारण धरलं आणि १९६७मध्ये ते लोकसभेत गेले. मधल्या काळात स्वतः दोन चित्रपट दिग्दर्शित करून पाहिले, ते पडले. (इतरांची पिसं काढणाऱ्याचे चित्रपट पडले की जो आनंद होतो, तो तेव्हा किती स्टुडिओंमध्ये साजरा झाला असेल!) पण परीक्षण लिहिणारा माणूस बाजाराला जुमानत नाही, उलट बाजार त्याला बिचकतो, असं आपल्याकडे घडू शकतं हे त्यांनी दाखवलं. पुन्हा तसं फारसं घडलं नाही.

ख्वाजा अहमद अब्बास यांची तऱ्हा निराळी. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये चित्रपट समीक्षा, तिथेच सुरू केलेलं आणि पुढे ‘ब्लिट्झ’मध्ये अखेरपर्यंत चाललेलं ‘लास्ट पेज’ हे सदर, राज कपूरसाठी ‘आवारा’ची पटकथा आणि स्वतःचे चित्रपट. समीक्षकाने धंद्यात उतरू नये असं सोवळं पाळणाऱ्यांना अब्बास अडचणीचे वाटतात. मला ते सोवळंच नको वाटतं. त्यांचा एक माहितीपट सेन्सॉरने अडवला तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७०च्या निकालात न्यायालयाने प्रदर्शनाआधीची सेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली नाही, म्हणजे मूळ मुद्द्यावर अब्बास हरले. पण चित्रपट अडवण्याच्या अधिकाराच्या मर्यादा काय, याची न्यायालयात पहिली गंभीर चर्चा त्या खटल्यात झाली, आणि सेन्सॉरच्या निर्णयावर स्वतंत्र लवादाकडे दाद मागता यावी ही मागणीही तिथे धसास लागली. तो लवाद पुढे आला आणि २०२१मध्ये सरकारने तो मोडीतही काढला. अब्बास यांना हा खटला लढवता आला, कारण सिनेमा हा त्यांचा एकमेव मालक नव्हता. एका खिशात वर्तमानपत्राचा पगार होता.

इथे मला जे म्हणायचं आहे ते सुरू होतं. सिनेमावरचं आपल्याकडचं टिकाऊ लेखन एकत्र मांडून पाहा. त्यातलं बरंचसं अशा माणसांनी केलेलं दिसेल, ज्यांची चूल सिनेमाच्या धंद्यावर पेटत नव्हती.

सगळ्यात मोठं उदाहरण मराठीतलंच. हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’. आधी ‘माणूस’ साप्ताहिकात, मग १९७०मध्ये पुस्तकरूपाने. शब्दांकन अरुण साधूंचं. तमाशापटांची एवढी मोठी नायिका. तिने आपलं लग्न, दारू, पुरुष, फसवणूक, स्वतःचे निर्णय आणि त्यांची किंमत, हे सगळं असं सांगितलं, की आजही ते वाचताना मधेच पुस्तक मिटून बसावंसं वाटतं. त्यात कुठे रडगाणं नाही, स्वतःची वकिली नाही. पुढे श्याम बेनेगलांनी त्यावर ‘भूमिका’ केला. पण पुस्तक चित्रपटापेक्षा उघडं आहे, असं माझं मत. ते तसं का उतरलं? सांगणारीचं धाडस हे पहिलं कारण, त्यात वाद नाही. दुसरं कारण ऐकणारा. साधू हे सिनेपत्रकार नव्हते. राजकारण, शहर, सत्ता हा त्यांचा प्रांत. पुढच्या शुक्रवारी कुठल्या निर्मात्याच्या प्रेस शोला आपल्याला बोलावतील की नाही, ही धास्ती त्यांच्या मागे नव्हती. हंसाबाईंनी कोणा बड्या माणसाविषयी काही सांगितलं, तर ते गाळण्याची व्यावसायिक गरज त्यांना नव्हती. त्यांनी स्वतःला इतकं पुसून टाकलं की वाचताना बाईंचाच आवाज ऐकू येतो, आणि ही शब्दांकनातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

याच मराठीत शांता आपटे यांनी १९४०मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून चित्रपटधंद्याची आतली बाजू मांडली. त्याच्या आदल्याच वर्षी त्या प्रभात फिल्म कंपनीच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, स्नेहप्रभा प्रधान, सगळ्यांची आत्मचरित्रं मराठीत आहेत. नट्यांनी आपल्या तोंडाने सांगितलेल्या इतिहासाची ही श्रीमंती आपण पुरेशी ओळखलेली नाही. तिच्या शेजारी पुरुष नटांवरची गौरवपर पुस्तकं ठेवली की फरक आपोआप दिसतो.

दुसरं उदाहरण, अरुण खोपकर यांचं ‘गुरु दत्त : तीन अंकी शोकांतिका’. त्याला सिनेमावरच्या सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुरु दत्त म्हटलं की लोक वहिदा, गीता आणि झोपेच्या गोळ्या यांच्याकडे धावतात. खोपकर कॅमेऱ्याकडे, प्रकाशाकडे, गाण्याच्या चित्रीकरणाकडे गेले. ते फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, स्वतः चित्रपट करणारे. त्यांना मसाल्याची गरज नव्हती. तिसरं उदाहरण कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचं. १९३१पासूनच्या हिंदी चित्रपटगीतांचा दशकवार कोश या माणसाने पदरमोड करून, पत्रं लिहून, पुस्तिका जमवून उभा केला. आज रेडिओवर, यूट्यूबवर, पुस्तकांत कोणीही ‘गीतकार अमुक, वर्ष तमुक’ असं ठामपणे म्हणतो, तेव्हा त्यामागे बहुधा हमराज असतात, नाव घेतलेलं असो वा नसो.

मग जन्मभर फक्त सिनेमावर लिहून जगलेल्यांनी काहीच केलं नाही का? केलं, आणि पुष्कळ केलं. इसाक मुजावरांनी ‘रसरंग’सारखं साप्ताहिक घराघरांत पोहोचवलं, पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. मराठी चित्रपटाच्या कितीतरी बारीकसारीक गोष्टी त्यांनी टिपल्या नसत्या तर नाहीशा झाल्या असत्या. बापू वाटव्यांनी प्रभातची कहाणी लिहून ठेवली. शिरीष कणेकरांनी हिंदी सिनेमाच्या वेडाला मराठी गद्यात स्वतःची अशी चाल दिली आणि ती ‘माझी फिल्लमबाजी’ म्हणून थेट रंगमंचावर नेली. पण यांच्या मिळकतीचं गणित पाहा. मराठीत सिनेमावर लिहून जगायचं तर सदर हवं. सदर दर आठवड्याला हवं. आठशे शब्दांत, वाचकाला शनिवार-रविवारच्या चहाबरोबर गोड लागेल असं हवं. अशा सदरासाठी संदर्भ शोधत महिनाभर संग्रहालयात कोण बसणार? मग आठवणी कामाला येतात. आठवणी संपल्या की आठवणींच्या आठवणी. सदराचं पुस्तक होतं, पुस्तकाची एक आवृत्ती निघते आणि पुढचं सदर सुरू. मराठीतल्या सिनेमावरच्या पुस्तकांचं कपाट स्मरणरंजनाने असं भरलं आहे. कणेकरांकडे भाषा होती म्हणून ते वाचवतं. त्यांची नक्कल करणाऱ्यांकडे फक्त आठवणी आहेत, आणि त्याही पुष्कळदा कणेकरांच्या.

इंग्रजीत पैसा थोडा अधिक होता, तिथे रोग वेगळा झाला. १९७१मध्ये ‘स्टारडस्ट’ आलं आणि गॉसिप हा मुख्य माल ठरला. देवयानी चौबळ यांच्या सदराला मोठमोठे नट वचकून असत. या गॉसिपने अनेक नट्यांच्या आयुष्याची चाळण केली, पुरुषांना मात्र त्याच मजकुराने ‘रंगेल’ म्हणून मिरवलं. हे विसरून त्या काळाला सुवर्णयुग म्हणणं मला जमत नाही. तरीही एक कबूल करावं लागतं. तो मजकूर नटाला आधी वाचायला पाठवला जात नसे. आणीबाणीच्या सुमारास चित्रपट नियतकालिकांनी अमिताभ बच्चन यांच्यावर बहिष्कार टाकला, त्यांनीही पत्रकारांना दार बंद केलं. ती अनेक वर्षं देशातला सगळ्यात मोठा नट मासिकांशिवाय जगला आणि मासिकं त्याच्याशिवाय जगली. हे भांडण पोरकट होतं, पण ते दोन स्वतंत्र पक्षांमधलं होतं.

आता दुसरा पक्षच उरलेला नाही. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आठवड्यात हॉटेलच्या खोलीत नट बसतो, बाहेर पत्रकारांची रांग लागते, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. पीआरची व्यक्ती कोपऱ्यात बसून असते. कुठले प्रश्न विचारायचे नाहीत ते आधीच सांगितलेलं असतं. एखाद्याने विचारलाच, तर पुढच्या चित्रपटाच्या वेळी त्याला फोन येत नाही. नोकरी जात नाही, फक्त फोन येत नाही. ही शिक्षा इतकी सभ्य आहे की तिच्याविरुद्ध ओरडताही येत नाही. आणि तो पत्रकार वीस वर्षांनी पुस्तक लिहायला बसतो, तेव्हा त्याच्या वहीत असतात ती अशी शेकडो दहा-मिनिटं.

यावर एक उत्तर नेहमी येतं. आता कलाकार स्वतःच इन्स्टाग्रामवर बोलतात, प्रेक्षक स्वतःच यूट्यूबवर परीक्षण करतात, मग हा मधला माणूस हवाच कशाला? कलाकार स्वतः बोलतो तेव्हा तो स्वतःची जाहिरात करतो, त्यात गैर काही नाही. पण हंसा वाडकर यांनी जे सांगितलं ते त्यांनी एकटीने, कोणी समोर बसून ऐकल्याशिवाय सांगितलं असतं असं मला वाटत नाही. दुसरा प्रश्न विचारणारं कोणीतरी लागतं. शिवाय आपली कहाणी सांगताना दुसऱ्यांची उघडी करायची नाही, हे भानही बरेचदा तो ऐकणाराच देतो. नवाजुद्दीन सिद्दीकी यांचं आत्मकथन २०१७मध्ये आलं आणि काही दिवसांतच त्यांना ते मागे घ्यावं लागलं, कारण ज्या स्त्रियांची नावं त्यात होती त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. हंसाबाईंनी पणाला लावलं ते आधी स्वतःला.

यूट्यूबवरच्या परीक्षणांबद्दल निर्मात्यांची तक्रार अशी, की पैसे दिले तर स्तुती होते, नाही दिले तर चित्रपट पहिल्याच दिवशी पाडला जातो. केरळ उच्च न्यायालयापुढे हा विषय गेला. २०२४मध्ये न्यायालयाच्या मदतीसाठी नेमलेल्या वकिलांनी सुचवलं, की प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षण टाकू नये. मला ही सूचना घातक वाटते. तिकीट काढलेल्या माणसाला दोन दिवस तोंड मिटून बस म्हणणं न्यायाला धरून नाही. खंडणीची तक्रार खरी असेल तर खंडणीचा कायदा आहेच. बाकी उपाय सोपा आहे: पैसे कुठून आले ते सांगा. समाजमाध्यमांवर पैसे घेऊन प्रचार करणाऱ्यांनी तसं स्पष्ट लिहावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३मध्ये काढली. ती यूट्यूबवाल्या पोरांना लागू करताना वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनाही लावावीत. निर्मात्याच्या खर्चाने परदेशातल्या चित्रीकरणाला गेलेल्या पत्रकाराने लेखाखाली एक ओळ टाकावी. प्रचाराचा मजकूर बातमी म्हणून छापणाऱ्या पुरवणीनेही टाकावी. शरम वाटली तर उत्तमच.

राहिला पैशाचा प्रश्न. महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देतं. चांगली गोष्ट आहे. त्या रकमेच्या मानाने किरकोळ म्हणावा अशा पैशात दरवर्षी पाच-सहा लेखकांना दोन-दोन वर्षांची अभ्यासवृत्ती देता येईल, सिनेमावर एकेक पुस्तक संशोधन करून लिहिण्यासाठी. सरकारचा पैसा आला की सरकारची मर्जी येते, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून निवड विद्यापीठांतली आणि चित्रपट संस्थांच्या चळवळीतली माणसं मिळून करतील, आणि हस्तलिखित मंत्रालयात कोणीही वाचणार नाही, एवढी अट हवी. पण सगळं सरकारवर ढकलणंही खोटं आहे. मराठी वाचक दिवाळी अंकासाठी पैसे मोजतो, नाटकाच्या तिकिटाला मोजतो. सिनेमावरच्या पुस्तकाच्या वाटेला तो जातो तो बहुतेक नटाचा चेहरा मुखपृष्ठावर असेल तर. ज्याने चार वर्षं घालवून एखाद्या ध्वनिमुद्रकावर किंवा रंगभूषाकारावर लिहिलं, त्याच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती खपायला दशक लागू नये.

आणि एक काम तर अनुदानाचीही फार वाट न पाहता सुरू होऊ शकतं. परवानगीशिवाय चरित्र लिहिता येतं का, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये आर. राजगोपाल खटल्यात सांगितलं आहे, की सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या लेखनाला त्या व्यक्तीची संमती लागत नाही. तेव्हा नटाच्या मर्जीबाहेर जाऊन लिहू पाहणाऱ्या लेखकाचा खरा आधार म्हणजे छापील कागद. न्यायालयातली कागदपत्रं, चित्रपटधंद्याची चौकशी करणाऱ्या १९२७-२८च्या रंगाचारी समितीपुढच्या साक्षी, आणि त्या त्या काळी प्रसिद्ध झालेला मजकूर. समितीच्या साक्षींचे खंड छापलेले आहेत. मराठी चित्रपट साप्ताहिकांचे जुने अंक मात्र ग्रंथालयांच्या माळ्यांवर आणि संग्राहकांच्या कपाटांत पिवळे पडून भुगा होत आहेत. प्रताधिकाराची अडचण पुढे केली जाते. भारतीय कायद्यात नाव असलेल्या लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, पण लेखक कोण हे उघड नसलेल्या निनावी लेखनाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. तीस, चाळीस, पन्नास या दशकांतली बरीचशी चित्रपट परीक्षणं निनावीच छापली गेली. ती आज स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली करायला कोणाच्या वारसाची सही लागत नाही, कोणा निर्मात्याची तर नाहीच. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, मुंबई-पुण्याची जुनी ग्रंथालयं आणि एखादं विद्यापीठ एवढ्यांनी मिळून आधी फक्त १९६०पर्यंतचे अंक घ्यावेत, आणि सुरुवात ज्यांचा कागद सगळ्यात वाईट आहे त्यांच्यापासून करावी.